बंदूक खाली आहे

सासरी मराठी बोलतात असं सांगून माझं लग्न लावलं होतं. उज्जैनला आल्यावर कळलं की बोलतात ती मराठीच, पण तिच्यात हिंदी इतकी मुरलेली, की कोणता शब्द कुठला हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. मी साताऱ्याकडची. हिंदीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

फ्रीगंजमधल्या घरात माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, एक दुनळी बंदूक होती. त्यांचे आजोबा संस्थानच्या चाकरीत होते, तेव्हापासूनचा हा घराण्याचा मान. आता संस्थान विलीन झालं होतं. नव्या सरकारने बजावलं होतं की जुने परवाने चालणार नाहीत, नवं लायसन काढा, नाहीतर बंदूक ठाण्यात जमा करा. यावरून घरात रोज वाद. कायदा सगळ्यांना सारखा हवा, असं ह्यांचं म्हणणं. राज गेलं, आता बंदूकही द्यायची का, असं मामंजींचं. धाकटे भावजी मामंजींच्या बाजूचे. मामंजींचा हुकमी मुद्दा ठरलेला असे, "डाकू थोडीच लायसन काढायला जातो? शरीफ माणसाच्याच हातातली काढून घेतील." यावर हे वर्तमानपत्र उघडून बसत. मला कोणी विचारत नव्हतं. माझी मुलगी नुकती घरभर धावू लागली होती आणि मला ती बंदूक घरात नको होती.

दसऱ्याच्या सकाळी मामंजींनी शस्त्रपूजेसाठी बंदूक माडीवरून आणून देवघरापुढे पाटावर ठेवली आणि ते अंघोळीला गेले. आदल्या दिवशी गच्चीवरची माकडं हुसकायला त्यांनी ती भरली होती. एक काडतूस आत तसंच राहिलं होतं. तेवढ्यात भावजींनी अंगणातून विचारलं, "वहिनी, बंदूक खाली आहे ना?"

बंदूक माझ्या डोळ्यांसमोर पाटावर होती. मी म्हणाले, "हो, खाली आहे."

त्यांनी विचारलं होतं, रिकामी आहे ना. मी सांगितलं, माडीवरून खाली आणली आहे. भावजी आत आले, पुसायला म्हणून त्यांनी ती उचलली, चापाशी चाळा केला आणि बार उडाला. मुलगी भिंतीशी झेंडूची फुलं मांडत बसली होती. छर्रे तिच्या डोक्यावरून भिंतीत घुसले. केसांत चुन्याचे पोपडे घेऊन, कानांवर हात दाबून ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उचललं आणि तिच्या केसांतला चुना झाडत राहिले.

संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या मंडळींना हा किस्सा हसत हसत सांगितला गेला. वहिनींची मराठी फार शुद्ध, म्हणून घोटाळा झाला, असं भावजी म्हणाले. माझं डोकंच फिरलं. माझा शब्द बरोबर होता, आजही बरोबरच आहे. एका शब्दाच्या दोन अर्थांपायी जिथे लेकरू जाऊ शकतं, तिथे शब्दाला काय दोष द्यायचा? इतक्यात मामंजींनी पुन्हा डाकूंचा विषय काढला. मी पदर सावरला आणि बैठकीत गेले.

"मामंजी, डाकू काही आपल्या घरी आला नाही. छर्रे आले, तेही शरीफ माणसाच्या हातून."

भावजींनी मान खाली घातली. मामंजी उठले, त्यांनी नातीचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं आणि उभं केलं. भोकं बरोबर तिच्या कपाळाशी आली. त्यांनी एका भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाई, उद्या ठाण्यात जाऊ. तूही चल."

दुसऱ्या दिवशी टांग्यातून गेलो. ठाण्यातल्या मुन्शीने मान वर न करता विचारलं, "खाली है?"

मामंजी उत्तर द्यायला गेले आणि थांबले. त्यांनी दुनळी उघडून त्याच्यापुढे धरली.

"देख लीजिए," ते म्हणाले. "हमारे घर में इस शब्द का भरोसा नहीं."