कबरीवरचा कप

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग. २००५ च्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या नोव्हायच्या ऑफिसातली मैत्रीण मला अलाबामातल्या तिच्या खेड्यात घेऊन गेली. ब्लॅक शेतकरी कुटुंबांची वस्ती, एक चर्च, मागे दफनभूमी. वर्षातून एकदा तिथे होमकमिंग असतं. डेट्रॉइट-शिकागोला पांगलेले सगळे परततात, शनिवारी कबरी साफ करतात, रविवारी प्रार्थना आणि पंगत. जो तो म्हातारा मला विचारायचा, "तू कुणाकडची गं?" मैत्रीण परस्पर सांगायची, "आमच्याकडची." मी इतकी हुरळले की सरळ झाडूच हातात घेतला.

तिचा भाऊ त्याच वर्षी गेला होता. त्याची कबर मीच झाडली. वर फुटका कप, तडकलेली बशी. आपण फुटकं भांडं घरात ठेवत नाही, मग याच्या उशाशी कशाला? छे! सगळं कचऱ्याच्या पिशवीत भरून ट्रकमध्ये टाकलं. ट्रक गेलासुद्धा.

तिची आई आली. "कप कुठाय?" मी मोठ्या दिमाखात सांगितलं. ती मटकन खाली बसली.

मैत्रिणीने मला बाजूला नेऊन सांगितलं. भाऊ शेवटची कॉफी त्या कपातून प्यायला होता. असा कप मुद्दाम फोडून कबरीवर ठेवतात, म्हणजे साखळी तुटते, घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. घरात आता होतं कोण? आई आणि ही. "जुन्या लोकांचं काहीतरी असतं," म्हणून ती हसली.

आईने मला जवळ घेतलं. "पोरी, तुला काय माहीत." रविवारी माझं ताटही तिनेच वाढलं. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं! चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली, नाव आलं की घरच्यांनी उभं राहायचं. दोघी उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी आई एकटीच उभी असेल का, असं मनात आलं.

परतल्यावर मी रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये मैत्रिणीची गाडी शोधायचे. डिसेंबरात एकदा गाडी दिसेना. रस्त्यांवर बर्फ, फोनही उचलेना. अकराला बाई आरामात आल्या. डेंटिस्टकडे गेल्या होत्या. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, आणि मग रडले.

या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "आता तूही सुरू करू नकोस. त्या शनिवारपासून आई रोज सकाळी फोन करते. बोलत काहीच नाही. मी हॅलो म्हटलं की ठेवून देते."