पाय वर घे गो बाय!

"पाय वर घे गो बाय! लुगडं भिजलं तं माज्याच नावानं बोंब मारशील!"

आमच्या बंदरावर बोट आली की हा आवाज कानावर आदळायचा. त्यापुढे बोटीचा भोंगासुद्धा मवाळ वाटे. ही आमची तांडेलीण. नवरा होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी, म्हणून ही तांडेलीण. तिला नाव होतं, पण ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. मी त्या बंदरावर कारकून होतो. इतक्या वर्षांत मीही कधी घेतलं नाही.

त्या काळी तुम्ही आमच्या किनाऱ्यावर उतरला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. धक्का नव्हता. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं तिथून होडीत उतरायची. होडीही वाळूला टेकत नसे, कमरेएवढ्या पाण्यात थांबे. मग पुरुषांना खलाशी पाठीवर घेऊन कोरड्यात आणून ठेवत. बायका परक्या पुरुषाच्या पाठीवर कशा बसणार? त्यांना आणायची तांडेलीण. एरवी तिचा धंदा मासळीचा. सुक्या बोंबलांच्या टोपल्या ती त्याच बोटीनं मुंबईला धाडायची.

आणि उतरणारी माणसं तरी काय एकेक! मुंबईत दोन वर्षं काढून आलेला गडी असा उतरायचा, जसा काही विलायतेहून आलाय. पायांत बूट, डोक्याला सोला हॅट. बूट भिजू नयेत म्हणून स्वारी खलाशाच्या छातीवर आडवी. एकानं तर ग्रामोफोन आणला होता. खलाशाच्या पाठीवर बसून त्यानं कर्णा दोन्ही हातांनी आभाळात धरलेला, आणि खाली सारखं "सांभाळ रे, सांभाळ!" चाललेलं. तांडेलीण शेजारून एका म्हातारीला घेऊन चालली होती. ती म्हणाली, "आदी ठरव रं बाबा, मानूस सांभालायचा का भोंगा?"

खलाशी हसला, त्याचा पाय घसरला आणि कर्णा पाण्यात गेला. चला, बरं झालं! त्याच माणसाला संध्याकाळी बापाच्या गोठ्याचा वास सहन होईना, असं मी ऐकलं. अशा लोकांची मला मनस्वी चीड आहे. आजही आहे.

वासाचं निघालं म्हणून सांगतो. एकदा एक बाई तिच्या पाठीवर होती. नाकाला पदर, तोंडानं "शी! शी!" तांडेलीण अर्ध्या पाण्यात जागच्या जागी थांबली.

"वास येतोय?"

"येतोय तर!"

"मंग उतर. पानी सोच्छ हाय."

त्या बाईनं जी मिठी मारली, ती वाळूला पाय लागेपर्यंत सोडली नाही. वास कुठं गेला कुणास ठाऊक. किनाऱ्यावर आम्ही पोट धरून हसलो.

माझ्या बायकोला सातवा महिना लागला. पहिलंच बाळंतपण, म्हणून तिला माहेरी मुंबईला पाठवायचं होतं. त्या दिवशी पाण्याला जोर होता. तांडेलिणीनं तिला खांद्यावर बसवून घेतलं आणि निघाली. होडीपाशी पोहोचतात न पोहोचतात तोच लाट आली. होडी उचलली गेली, फिरली, आणि तिची कड तांडेलिणीच्या खांद्यावर बसली. मी वाळूवरून ओरडलो. पाणी तांडेलिणीच्या हनुवटीला लागलं होतं, पण दोन्ही हातांनी तिनं माझ्या बायकोला वर धरून ठेवलं होतं. तांडेलानं माझ्या बायकोला आत ओढून घेतलं. तिच्या फक्त टाचा भिजल्या.

मग तांडेलीण वळली आणि पाण्यातूनच माझ्यावर तुटून पडली.

"ए कारकुना! छत्री धरून काय उबा रायलास? कचेरीत बसतोस न्हवं तू? धक्का माग की सायबाकडं! आज माजे हात व्हते. उद्या कुनाची पोटुशी बाय पान्यात गेली मंजे लिवशील काय?"

संध्याकाळी ती कचेरीत आली. हात फडक्यानं गळ्यात बांधलेला.

"लिव," ती म्हणाली.

मी चाचरलो. सरकारी नोकर मी, माझ्या हातचा अर्ज साहेबांनी ओळखला तर?

"मंग कुनाच्या हातानं लिवायचा? माजा तं ह्यो असा."

गुमान लिहायला बसलो. माझं बाळबोध अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं. 'ह'चं शेपूट खाली ओढून त्याला झोकदार वळसा द्यायचा, ही माझी खास ऐट. 'अशी विनंती आहे' लिहिलं आणि नेहमीसारखा वळसा दिला. ती वाकून पाहत होती. तिला अक्षरओळख नव्हती.

"ह्यो गळ कशाला टाकलास?" तिनं विचारलं.

"गळ नव्हे, 'ह' आहे तो. माझी पद्धत आहे तशी."

"असू दे, असू दे. ह्या गळाला सायेब लागंल बग!" आणि दुखऱ्या खांद्यानंच खदखदून हसली.

मी म्हटलं, "अगं, पण धक्का झाला तर तुझं बायका आणायचं काम जाईल."

"जाऊ दे मेलं! हौस हाय का मला? सुक्या पायानं उतरू दे समद्यांनी. मी बी टोपली घेऊन सुक्या पायानं जाईन."

अंगठा उठवला आणि तो कागद घेऊन ती घरोघर हिंडली. कोळीवाड्यातले अंगठे, पेठेतल्या सह्या, वखारवाल्या शेटजींची सही, मुरुडच्या व्यापाऱ्यांच्या सह्या. ज्यानं टाळाटाळ केली त्याच्या ओटीवर बसून राहिली. म्हसळ्याहून बैलगाडीनं बोट पकडायला आलेल्या पाहुण्यांनाही तिनं सोडलं नाही. खांदा मात्र पुढं कधीच सरळ झाला नाही. मला मुलगी झाली, सुखरूप. पेढे द्यायला गेलो तर म्हणाली, "पेढं ऱ्हाऊ दे. अर्जाचं काय झालं?"

तिसऱ्या वर्षी धक्का झाला. दगडी, मजबूत. तोरणं लागली, ताशा वाजला, साहेबांचं भाषण झालं. कंत्राटदाराचे आभार मानले, हवामानाचेसुद्धा मानले. तांडेलीण नवं लुगडं नेसून मागं उभी होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही. मी पहिल्या रांगेत होतो, मीही नाही.

महिनाभर सगळे खुशीत. टोपल्याही धक्क्यावरून जात, माणसंही जात. मग कुरकुर सुरू झाली. सोला हॅटवाले म्हणू लागले, बोंबलांचा वास येतो. रेशमी लुगडी म्हणू लागली, टोपलीतला खारट चुरा अंगावर पडतो. अरे, काल-परवापर्यंत तिच्याच पाठीवर बसून आलात ना! तेव्हा कुठं गेली होती तुमची नाकं? तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

पण ही आग माझ्या डोक्यातच राहिली, तोंडावाटे काही निघाली नाही. साहेबांनी मला बोलावलं. "अक्षर चांगलं आहे तुमचं. एक पाटी रंगवून टाका." मी "बरं साहेब" म्हटलं. बस्स, एवढंच म्हटलं. दिवसभर बसून फळीवर पांढरी अक्षरं काढली: 'मासळीच्या टोपल्या घेऊन या धक्क्यावर येण्यास सक्त मनाई आहे.' लाज वाटते सांगायला, पण रंगवताना मी अक्षराच्या देखणेपणातच गुंग होतो.

दुसऱ्या दिवशी बोटीच्या वेळेला तांडेलीण टोपली घेऊन आली. शिपायानं अडवलं. तिनं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. दुसरं कोण वाचणार?

"मंग आमच्या टोपल्या कुटनं चढवायच्या?"

"जुन्या जागेवरून. वाळूतून."

मला वाटलं, आता ही माझ्या सात पिढ्यांचे वाभाडे काढणार. काढले असते तर मी तिचे उपकार मानले असते. पण तिनं टोपली खाली ठेवली, पाटीपाशी गेली, आणि 'आहे'मधल्या 'ह'च्या वळशावरून बोट फिरवलं. सावकाश, वरून खालपर्यंत.

"ह्यो गळ वळखते मी," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली.

"सायेब न्हाय लागला रं कारकुना. आमीच लागलो."

लुगडं वर खोचलं, टोपली उचलून डोक्यावर घेतली. वाकडा खांदा वर जाईना, म्हणून एकाच हातानं धरली. वाळूवरून सरळ पाण्यात शिरली. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. धक्क्यावर कुणीतरी म्हणालं, "आता किती मोकळं वाटतं, नाही?" त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. मी कधी कुणाच्या दिली आहे!

पुढं चार वर्षं ती तशीच पाण्यातून टोपल्या चढवत राहिली. माझ्याशी बोलायची, नाही असं नाही. पोरीची चौकशी करायची. पण पुन्हा कारकुना म्हणून ओरडली नाही. भाऊसाहेब म्हणायची. पाचव्या वर्षी पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या आणि तांडेल एकटाच होडीवर दिसला. तापात गेली, म्हणाला.

दरवर्षी पावसानं त्या पाटीचा रंग उडायचा आणि दरवर्षी साहेब ती माझ्याकडेच पाठवायचे. ती गेली त्या वर्षीही आली. मी ती रंगवली. हो, रंगवली, नोकरी सोडली नाही. फक्त 'ह'ला शेपूट काढलं नाही, वळसा दिला नाही.

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. "अक्षर बिघडलं हो तुमचं," ते म्हणाले.

"हो साहेब," मी म्हटलं, आणि पाटी नेऊन धक्क्यावर ठोकली.