सगळ्या कळपाला औषध

आमचा बिरू एका जागी बसेल तर शपथ! कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर ओळी धावतात ना, तेवढा वेळसुद्धा त्याला धीर निघत नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या दोन खोल्यांत मी शाळेचे गणवेश शिवते. तिथंच हा माझा धाकटा भाऊ, बिरुदेव, आठवडाभर एका लॅपटॉपपुढं चुळबुळत होता.

लॅपटॉप पुण्याच्या एका कंपनीनं परीक्षा म्हणून पाठवलेला. पंखा कुठं, बॅटरी कुठं, झाकण उघडं की बंद, याचे तक्ते यंत्राच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे कारखान्यातच आत भरलेल्या सूचनांमध्ये, असतात म्हणे. यंत्र चालवणारी लिनक्स प्रणाली उठताना आधी ते वाचते. त्यातली एक नोंद चुकीची होती, आणि यंत्र अर्ध्यावर येऊन मुकं व्हायचं. ती नेमकी नोंद दाखवली, तर सोलापुरात बसून नोकरी. नाहीतर गावी मेंढरांमागं. आमच्या वडिलांचे, आबांचे, गुडघे गेलेत. त्यांनी बजावलं होतं, "येत्या बाजाराच्या आत सांग. येनार नसशील तर कळप इकतो."

बाजाराच्या आदल्या दिवशी बिरू ओरडला, "आक्का, चाललं!" यंत्र खरंच सुरू झालं होतं. मी साखर आणायला उठले, तर ह्याचं तोंड उतरलेलं.

"आता काय झालं?"

"जितं जितं शंका आली, तितल्या समद्या नोंदी एकदम बदलल्या गं. आता चुकीची कुटली, कसं सांगू?"

मला राग आला आणि हसूही. एका मेंढीला ताप आला की अख्ख्या कळपाला औषध पाजायचं, ही आमच्या घरची रीत. रानात ती बरोबरच असते. हा गडी तीच घेऊन लॅपटॉपपुढं बसला होता!

मग एकेक नोंद पुन्हा जुनी करायची, यंत्र बंद, चालू, आणि वाट बघायची. वाट बघणंच तर त्याला जमत नाही. खिडकीशी जायचा, माझी कात्री उचलायचा, परत यायचा. त्याच्यापायी माझी शिवण वाकडी जायला लागली.

"बस की गप हितं," मी खेकसले. बसला, पण गुडघा हलवतच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बॅटरीची नोंद जुनी केली, आणि यंत्र तिथंच मुकं झालं. दुरुस्त केली, उठलं. सापडली एकदाची! त्यानं कंपनीला कळवलं आणि संध्याकाळी होकार आला. लगेच आबांना फोन लावला.

"आबा, नोकरी लागली! हितनंच करायची."

"लई ब्येस झालं."

"मग कळपाचं..."

"सकाळीच इकला."

"माजी वाट तर बघायची की!"

"वाट कशाला बघू?" आबा म्हणाले. "नापास झाला असतास तर मेंढरांमागं आला असतास. म्हून आदीच इकला."

फोन ठेवल्यावर बिरू कितीतरी वेळ हललाच नाही. त्याला असं गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला रडू आवरेना.