बंद करूनही चालू राहणारा ब्राउझर

जुईनगरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी नऊ वर्षं नोकरी करतेय. परदेशी जाणाऱ्या मालाचे फॉर्म ऑनलाइन भरायचे, हे माझं काम. फॉर्म मंजूर झाल्याशिवाय कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत जात नाही.

दिवाळीनंतर माझा ब्राउझर पडायला लागला. पहिली चार पानं तो मला प्रेमाने भरू द्यायचा. पाचव्या पानावर 'सबमिट' दाबलं की स्क्रीन करडी व्हायची आणि मधोमध नम्र संदेश यायचा: हे पान प्रतिसाद देत नाही. मग पुन्हा पहिल्या पानापासून. माझं टायपिंग त्या दिवसांत फार सुधारलं.

सपोर्टवाल्याला फोन केला.

"मॅडम, टॅब किती उघडता?"

"तीन."

"मग कमी करा. आणि ब्राउझर बंद करून परत उघडा."

"बंद तो स्वतःच होतो. तेवढे कष्ट मला पडत नाहीत."

साहेबांकडे गेले, तर त्यांनी मला अपडेटचं महत्त्व समजावलं. वर म्हणाले, "बाकी कुणाची तक्रार नाही हो." बाकी म्हणजे समोरच्या टेबलावरची एकटी मैत्रीण. ती हिशेब बघते, ब्राउझर उघडतच नाही.

असे तीन आठवडे गेले. मग एका शुक्रवारी द्राक्षांचा कंटेनर आला. गेट सहाला बंद होणार होतं आणि दुपारी तीनपासून माझा फॉर्म चारदा पडला होता. ड्रायव्हर बीडकडचा, वयाने मोठा माणूस. त्याचा फोन आला.

"ताई, कागद झाला का? सकाळपासून लाइनीत हाय मी."

"होतोय दादा. शेवटचं पान राहिलंय."

"मघाशी बी शेवटचंच व्हतं."

मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. सपोर्टवाल्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता या, नाहीतर मी हा कॉम्प्युटर उचलून तुमच्याकडे आणते. तो वाशीहून पाऊण तासात आला. त्याने ब्राउझर बंद केला आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. त्यात ब्राउझरचं नाव वरपासून खालपर्यंत होतंच.

"आत्ता बंद केलात ना?" मी विचारलं.

"खिडकी बंद केली. आतून चालूच आहे." मग त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "सगळी मेमरी हे खातंय. हे कुणी टाकलं?"

केबिनमधून साहेबांचा आवाज आला, "ते राहू दे."

मी, सपोर्टवाला आणि समोरची मैत्रीण, तिघंही तिकडे बघायला लागलो. साहेब बाहेर आले, चष्मा पुसत. स्टाफ काम करतो की टाइमपास, हे बघायला त्यांनी ते सॉफ्टवेअर माझ्या ब्राउझरमध्ये बसवलं होतं. दर मिनिटाला माझ्या स्क्रीनचा फोटो काढून ते त्यांना पाठवायचं.

"फोटो आहेत?" मी विचारलं.

होते. सपोर्टवाल्याने केबिनमध्ये जाऊन उघडले. करडं पान, मधोमध नम्र संदेश. पुढचा फोटो तोच. त्याच्या पुढचाही तोच. ज्याची मी तीन आठवडे तक्रार करत होते, त्याचा अख्खा अल्बम साहेबांकडे होता.

"मी रोज बघत नाही," साहेब म्हणाले.

रागाने माझे कान तापले होते, पण साडेपाच वाजत आले होते. मी साहेबांच्याच खुर्चीत बसले. त्यांच्या कॉम्प्युटरवर पाळत ठेवणारं अर्थातच काही नव्हतं. फॉर्म एका झटक्यात गेला. मंजुरी आली आणि सहाला दहा कमी असताना दादांचा फोन आला, "ताई, गाडी आत गेली. आता जेवतो."

सोमवारी साहेबांनी ते काढायला लावलं. "सांगणारच होतो तुम्हाला, राहून गेलं," एवढंच म्हणाले. ब्राउझर त्यानंतर पडला नाही. हल्ली साहेब स्वतः दिवसातून तीनदा येऊन माझ्या पाठीमागे उभे राहतात. परवा मी त्यांना खुर्ची ओढून दिली. बसले नाहीत.