गजरा घरात का गेली

दुपारचं जेवण झालं की मी आडवी होते. सूनबाई म्हणते, "आई झोपल्या." झोप कसली, वर पंखा बघत पडायचं. पंख्याची एक पाती जरा वाकडी आहे, ती दर फेऱ्याला टक करते. टक, टक, मग एक टक ऐकू येत नाही. तेवढ्या वेळापुरता डोळा लागलेला असतो. आत्ता मी तिथंच आहे. हात छातीवर आहेत, पण कुणीतरी ठेवून गेल्यासारखे. उचलावेत असं काही वाटत नाही.

मला तसं कशाचंच फारसं काही वाटत नाही. मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो बघा, मग चिमटा काढला तरी तो शेजारणीच्या पायाला काढल्यासारखा लागतो. तसं माझं सगळंच आहे. काळजी करू नका, आजार नाही. पन्नासावर वर्षं असंच चाललंय, आणि त्यातच मी तीन पोरं वाढवली, सहा नातवंडांची नाकं पुसली आणि भेटेल त्याला थापा मारल्या.

टक. पलंगाच्या पायाशी गजरा बसलीय.

गजरा म्हणजे तळीच्या वाडीतली माझी शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एक मातीनं लिंपलेला कूड, तिच्या घरात शिंक आली तर मी इकडून "जित्ती ऱ्हा" म्हणायची. मोठ्या हादऱ्यात, भूकंपात, गेली ती. तेव्हा ती पंचवीसची, मी सव्वीसची. आता मी ऐंशीच्या पुढं आहे आणि ती अजून पंचवीसच. पिवळं लुगडं, कासोटा घट्ट, कपाळावर आडवी चिरी.

"सरक की जरा," ती म्हणते. "पलंग हाय का मैदान? येकटी केवढी पसरलीयास!"

मी सरकते. तिच्यासमोर माझी जीभ आपोआप वाडीची होते. "वर कशी आलीस? खाली वाचमन असतोय."

"त्याला म्हनलं, म्या दुरपाबाईची मैतरीण. तर म्हनला, मग तूबी थापाडीच असशील, जा वर."

मी हसते. तोंड हसतं म्हणजे. तिला बघून छातीत काहीतरी व्हायला पाहिजे, हे मला कळतं. मी वाट बघते. काही होत नाही. पोस्टमन आल्यावर वाटतं तेवढंच वाटतं.

"ऊठ," ती म्हणते. "तुज्या नवऱ्याच्या हापिसात जाऊ."

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो. पहिल्या मजल्यावर मातीचा वास येतो. शेवटची पायरी खळ्यात उतरते आणि खळ्याच्या पलीकडं हादऱ्याचं घर आहे.

सांगते. धरणात पाणी साठायला लागलं आणि आमच्या भागात जमीन हलायला लागली. तेव्हा सरकारनं डोंगराच्या पायथ्याला एक दगडी खोली बांधली, तिलाच वाडी हादऱ्याचं घर म्हणायची. आत एक यंत्र, एक नळकांडं सावकाश फिरतंय आणि त्यावर कागद. आमचे हे त्या खोलीवर कामाला. रोज नवा कागद चढवायचा. तो साधा पांढरा चालत नाही, रॉकेलच्या चिमणीवर धरून काळा करावा लागतो, म्हणजे सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढते. कागद काळा करायचं काम ह्यांनी माझ्या गळ्यात घातलेलं. त्यामुळं वाडीतल्या बायकांच्या लेखी मी निम्मी सायबीण.

ह्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आत्ता खोलीत ते नाहीत. ते स्वप्नातही येत नाहीत, रजा मंजूर झाल्याशिवाय कुठं जायची त्यांना सवय नव्हती.

नळकांडं फिरतंय. मी एक पाऊल टाकते, सुई थरथरते.

"आता म्या बघ," गजरा म्हणते आणि लुगडं वर खोचून दाणदाण तीन उड्या मारते. सुई जागची हलत नाही. रेघ सरळ.

"बघितलंस? काय बी उठत न्हाय माजं."

"मशीन बिघडलं आसंल."

"व्हय, मशीनच बिघडलं आसंल," ती म्हणते. माझ्या नातवंडांना मी समजावते तशी.

नातवंडांना मी सांगते की तरुणपणी मी यंत्राशेजारी एक उडी मारली आणि तिची पुण्यात नोंद झाली, दिल्लीहून तार आली, "बाईंना खाली बसवा." उडी खरी आहे. पुढचं सगळं माझं. हे त्या दिवशी एवढंच म्हणाले, "दुरपदे, कागद वाया घालवलास."

गजरा कागदाजवळ वाकून बघते. "हे बारीक दातरं काय, आन् ही मोठी?"

"हादरा निघतोय खाली खोल, खडक सटकला की. तितनं दोन लाटा येकदमच निघत्यात. दोघी जावा समज. धाकटी चपळ, ती पुढं येती, नुसती ढुशी मारती. ही बारीक दातरं तिची. थोरली मागनं येती, आडवी हलवीत, सगळं मोडत. ही मोठी तिची. दोघींत किती वेळ गेला ते मोजायचं. जास्त गेला, तर माहेर लांब. कमी गेला, तर हितंच कुठंतरी."

"आन् न्हाईच गेला तर?"

"तर माहेर पायाखाली."

"माज्या वेळला धाकटी आलीच न्हाय बघ," गजरा म्हणते. "थोरलीच आली."

"आलती. तुला कळलं नसंल."

आम्ही एसटीत बसलोय. खिडक्यांच्या काचा खडखडतायत. कंडक्टर नाही, ड्रायव्हरचा फक्त टॉवेल सीटवर आहे. बाहेर झाडं असायला हवीत, पण धरणाचं पाणी आहे, थेट खिडकीच्या दांडीपर्यंत, आणि आत येत नाही. एक मासा काचेला तोंड लावून आमच्याकडं बघतोय.

"ह्या पान्याच्या वजनानंच हाललं म्हनत्यात," गजरा म्हणते.

"नुसत्या वजनानं न्हाय. पानी भेगांतनं खाली मुरतं. खडक आदीच ताणलेला आसतोय, कधीचा. पान्यानं तो सटकतो. हे सांगायचे आसं."

"सायब कवा सांगायचे का, की आता कवा हालंल?"

मी खिडकीबाहेर बघते. मासा गेलाय.

"न्हाय," मी म्हणते. "ते कुनालाच सांगता येत न्हाय."

"मग तू कशी सांगायचीस?"

एसटी थांबते. उतरायला पायरी नाही, सरळ खळं आहे. सकाळचे दहा, उन्हात. सगळी वाडी बाहेर बसलीय. आमच्याकडं पद्धतच पडली होती, हादरा आला की चूल विझवायची, लेकरू उचलायचं आणि खळ्यात येऊन बसायचं, दिवस मावळेपर्यंत. त्या दिवशी सकाळी एक लहानसा आला होता. मांडणीवरचे पेले वाजले, तेवढाच. सगळे खळ्यात. आणि तासाभरात सगळे कंटाळलेले. म्हाताऱ्यांना चहा हवा, बायकांची कामं पडलेली.

आणि उखळावर एक बाई उभी आहे, सव्वीस वर्षांची, हात कमरेवर. तोंड चुरुचुरू चाललंय. ती मी आहे.

"अगं उठा!" ती ओरडते. "गेला ह्यो! जिमिनीच्या पोटातला वारा सरला. येक डाव ढेकर दिली की आठ दिस सुट्टी आसती तिला. सायबाच्या वहीत लिवलंय, म्या सोता वाचलंय!"

सगळे हसतात. एक म्हातारी म्हणते, "तुज्या तोंडाला कवा सुट्टी?" वहीत तसं काहीही लिहिलेलं नव्हतं. वहीत काय होतं ते ह्यांनी मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. लहान हादरा हा नुसता लहान आहे, का मोठ्याच्या आधीचा आहे, हे मोठा येऊन गेल्यावरच कळतं. ही गोष्ट मला फार मिळमिळीत वाटली होती. खळ्यात सांगण्यासारखी नव्हती.

हसणाऱ्यांतली एक पिवळ्या लुगड्यातली बाई उठते, मागची माती झटकते आणि घरात जाते.

"जाऊ नगं," मी म्हणते. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. उखळावरची ती बाई अजून बोलतेय.

मग आधी आवाज. लोक म्हणतात जमीन हलते. हलायच्या आधी ती वाजते. खाली कुठंतरी रिकामा ट्रक दगडांवरून गेल्यासारखी. मग तळपायाला ढुशी. मग जमीन आडवी. सुपात दाणे पाखडतात तसे आपण, आणि सूप कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. कौलं दातांसारखी वाजतात. धरायला जावं ते हलतंय, आणि बसावं तर जमीनच उठून येतेय. किती वेळ? दहा-बारा आकडे म्हणावेत एवढाच. मी नातवंडांना अर्धा तास सांगते.

मग धूळ. मग काहीच आवाज नाही, कावळासुद्धा नाही.

हे सगळं मी परत बघतेय आणि मला काही होत नाहीय. भिंत बसते, आढं त्यावर बसतं. मी दुकानात रांगेत उभी असल्यासारखी उभी आहे. गजरा माझ्या शेजारी उभी राहून स्वतःचं घर पडताना बघतेय. पदरानं नाक झाकते, धुळीमुळं.

मला कुणी बोललं नाही. कधीच नाही. गजराचा नवराही नाही. दुरपदी काय, थापा मारते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं माझं त्या दिवशीचं बोलणं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. ते माझ्या एकटीच्याच ध्यानात आहे. ह्यांनाही मी सांगितलं नाही. तेव्हापासून पाय बधिर झालाय तो तसाच, आणि पार वरपर्यंत चढलाय.

"गजरे."

"काय?"

"तू आत का गेलीस?"

ती माझ्याकडं बघते.

"म्या म्हनलं म्हनून गेलीस का?"

ती हसायला लागते. पोट धरून हसते. "अगं दुरपे, तुजं कवा कुनी ऐकलंय का? तू म्हनलीस म्हनून म्या जाईन व्हय? तू म्हनाली आसतीस ना, गजरे घरात जा, तर म्या शेताकडं पळाली आसते!"

"मग?"

"सारवन," ती म्हणते. "निम्मी जिमीन सारवून झालती आन् पेले वाजले. तशीच उठून भाईर आली. आता सारवन मधीच सोडलं की काय हुतं, ठावं हाय ना? आदलं वाळतं आन् नव्या-जुन्याचा सांदा दिसतो. पिकल्या भाताच्या रंगाची रेघ पडती मधी. माजी सासू म्हंजे रेघ बघायलाच जन्माला आलेली. म्हनलं ओलं हाय तवर पुरं करू. शेन बी कालवून ठिवलं हुतं पितळंच्या पाटीत, काळ्या गाईचं. म्हनून गेले. तुजं काय मधीच?"

आम्ही तिच्या घरात आहोत. घर उभं आहे. ती उकिडवी बसून सारवतेय, हाताचे अर्धे चांद जमिनीवर एकाला एक लागून उठतायत. ओल्या शेणाचा गार वास.

मी तिचे हात बघते. कोपरापर्यंत भरलेले.

त्या दिवशी संध्याकाळी तिला मातीतून काढली, तेव्हा तिला आंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. हात माझ्याकडं होते. मी एकेक बोट धुतलं. नखांत धूळ होती. कोरडी धूळ. दुसरं काही नव्हतं.

आणि काळी गाय त्यांच्याकडं कधीच नव्हती. थाप मारणाऱ्याला थाप लांबूनच कळते. खरं बोलणारा माणूस "सारवत होते" म्हणून गप्प बसतो. पितळेची पाटी आणि गाईचा रंग, हे मीच शिकवलंय तिला. रोज कुडापलीकडून ऐकून ऐकून शिकली.

मी तोंड उघडते. आयुष्यभर कुणाची थाप मी मधे न तोडता पुरी ऐकलेली नाही.

"व्हय का?" मी म्हणते. "काळ्या गाईचं?"

"काळ्या गाईचं."

"मग चांगलं बसलं आसंल."

"तर! आरसा," ती म्हणते आणि मान खाली घालून शेवटचा कोपरा घेते. डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून दंडानं पुसते. माझे कोरडेच आहेत. फक्त उजव्या पायाच्या अंगठ्यात मुंगी आल्यासारखं होतंय, एकच.

"जाते म्या," मी म्हणते.

"कडंकडंनं जा. मधी पाय टाकू नगंस, वलं हाय."

कडेनं जायची वाट आहे. मला ती दिसतेय. मी सरळ मधून जाते.

"दुरपे! आगं ए भवाने!"

टक.

पंखा फिरतोय. उशीला घडी पडलीय. घड्याळात साडेतीन. बाहेर गॅलरीत सूनबाई दोरीवरचे कपडे काढतेय, चिमट्यांचा आवाज येतोय. मी पाय पलंगावरून खाली सोडते. फरशी गार आहे आणि टाचेखाली काहीतरी घसरतं.

पांढऱ्या फरशीवर माझ्या टाचेचा ठसा आहे. हिरवट, ओला. मी पाय वर घेऊन मांडीवर ठेवते. म्हाताऱ्या माणसाला एवढं करायला वेळ लागतो. टाच भरलीय, भेगांच्या आतपर्यंत. बोट लावते, बोटाला येतं. नाकाजवळ नेते. ह्या इमारतीत तीन मजल्यांत गाय काय, शेळीही नाही.

सूनबाई कपड्यांचा ढीग घेऊन आत येते, थबकते, नाक आक्रसते.

"आई, हे काय? कुठं पाय घातलात?"

मला तिला काहीही सांगता आलं असतं. तोंडाशी चार गोष्टी तयार आहेत, एकीत तर वाघ आहे. मी काही सांगत नाही. ती मोरीतलं फडकं घेऊन येते आणि वाकते.

"थांब," मी म्हणते. "हात लावू नको. अजून ओलं आहे."