टीव्हीवर अख्खा फोन

माझ्या सासूबाईंनी उभा जन्म मोठ्या दुकानाच्या दारात गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासल्या. नोकरी संपली, संशय काही संपला नाही.

काल त्यांच्या फोनवरून नातीच्या नाचाचा व्हिडिओ मी टीव्हीवर कास्ट केला. टीव्हीवर नात आणि फोनवर नुसती बटणं बघून त्या बिथरल्या.

"इथे एक, तिथे भलतंच? काहीतरी लपवतेस तू!"

"अहो आई, यात फक्त व्हिडिओ जातो. मिररिंग केलं तर अख्खा फोन दिसेल, येणारे मेसेजसुद्धा."

"दिसू दे! कर नाही त्याला डर कशाला?"

केलं मिररिंग. नाचणाऱ्या नातीच्या डोक्यावर त्यांच्या बहिणीचा मेसेज झळकला: "सुनेच्या कपाटाची किल्ली मिळाली का गं?"

मी उठले आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.