रविवारची वाळू

माझी मावशी मूळची वसईची, पण सिस्टर होऊन राजस्थानच्या वाळवंटात गेली आणि तिथलीच झाली. तिला भेटायला गेलो त्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नुकतीच संपली होती आणि चर्चच्या बाकांखाली हाताचं बोट बुडेल इतकी वाळू साचली होती. बायका ती झाडून घमेल्यांत भरत होत्या. मला वाटलं, कुंपणाबाहेर फेकतील. पण त्या मागच्या दफनभूमीत गेल्या आणि झिजलेल्या थडग्यांवर वाळू ओतून हातांनी थापू लागल्या.

"वारा खातो रे बाबा सगळं," मावशी करवादली. "भर घातली नाही तर कोण कुठे निजलंय तेही कळायचं नाही."

पहिलं थडगं उंटावरून आलेल्या परदेशी फादरांचं. शेजारी त्यांनी दुष्काळात पोसलेली पोरं, जी पुढे म्हातारी होऊन गेली. टोकाला या धर्मप्रांताचे पहिले बिशप. सगळ्यांना सारखंच एकेक घमेलं.

धर्मप्रांताचा इतिहास म्हणजे रोमहून आलेली फर्मानं, असं मी समजत होतो. इथे तो दर रविवारी हातांनी थापावा लागत होता.

"पण मावशी, वारा हे पुन्हा नेणारच की."

"नेऊ दे ना. नेऊन टाकतो कुठे? चर्चमध्येच!" तिने भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं. "जिवंत माणसं मिस्सा चुकवतात रे, ही मंडळी कधीच नाही. जा, त्यांना घरी पोचवून ये."